जिवंत लेखिकेची एकांकिका

एफी मॅकक्रॉस्टीनं संहितेच्या प्रती टेबलावर ठेवल्या, आणि ग्लेनिसला लगेच किटली भरायची आठवण झाली.

"बस खाली," एफी म्हणाली. "एकांकिका आहे. तुझा चहा गार व्हायच्या आत संपते."

"लेखक जिवंत आहे का?" हेक्टर निस्बेटनं विचारलं.

"लेखिका आहे. आणि चांगली ठणठणीत आहे."

"मग संपलंच," हेक्टर म्हणाला. "जिवंत माणसं मानधन मागतात आणि प्रयोगाला येऊन बसतात."

मॅकलिन्स फ्लॅट या गावच्या नाटक मंडळात हा संवाद दर वर्षी व्हायचा. दर हिवाळ्यात मंडळ तीन एकांकिका करायचं, आणि त्या तिन्ही कुठल्या तरी कधीच्या मेलेल्या इंग्रज लेखकाच्या असायच्या. पडदा वर जायचा, दिवाणखाना दिसायचा, बटलर ट्रे घेऊन यायचा आणि चुकीच्या खोलीत चुकीच्या बाईला भेटायचा. प्रेक्षक पोटभर हसायचे. एफीही हसायची. हसण्याशी तिचं कधीच वैर नव्हतं. पण घरी परतताना तिच्या मनात येई, या अख्ख्या तालुक्यात कुणी बटलर बघितलाय? दारात गमबूट काढून, मोज्यांवर घरात येणारा माणूस रंगमंचावर यायचा कधी?

सबंध उमेदीभर एफीनं टपालाची गाडी चालवली होती. तेव्हापासून तिला नाटकं वाचायचा नाद. वाचायची ती मोठ्यानं, बटाटे सोलता सोलता, सगळ्या भूमिका आपणच करून. आणि वाचलेलं पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. लोक एकमेकांना दाताचा डॉक्टर सुचवतात तशी ती नाटकं सुचवायची. कुणाच्या टपालपेटीत विजेच्या बिलाबरोबर एखादी पातळशी एकांकिका सापडायची, वर एफीच्या मोठ्या अक्षरात, "तुम्ही तिघी बहिणी आहात ना? यात तिघी आहेत. भांडतात पण. वाचा." मी आयुष्यभर रंगभूमीवर पोट भरलेल्या माणसांत वावरलो, पण नाटकावर इतका निरपेक्ष जीव टाकणारं माणूस क्वचितच बघितलं.

"हे बघ एफी," ग्लेनिस म्हणाली. ती मंडळाची चिटणीस. "यंदा तुझं ऐकते. पण हे पडलं, लोकांनी खुर्च्या सरकवल्या, तर यापुढे तू सुचवायचं नाहीस. बटलर तर बटलर. कबूल?"

"कबूल."

हेक्टरनं भुवया उंचावल्या. एफी इतक्या चटकन कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

मंडळाचा एक रिवाज होता. पहिल्या वाचनाला भूमिकांच्या चिठ्ठ्या चहादाणीच्या लोकरी टोपीत टाकायच्या, आणि ज्याला जी येईल ती त्यानं वाचायची. वय, आवाज, बाई की पुरुष, काही बघायचं नाही. एकांकिकेत दोनच पात्रं. समुद्रावर गेलेला नवरा परत आला नाही तरी रोज सकाळी त्याचा डबा करणारी आई, आणि बाबांची बोट विकायला आलेली मुलगी. ग्लेनिसला मुलगी आली. हेक्टरनं चिठ्ठी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"मी आई."

"अरे वा, सवयीचंच काम!" ग्लेनिस खिदळली.

ते खरंच होतं. दर नाताळच्या धमाल नाटकात हेक्टर बाईचं सोंग घ्यायचा. सोनेरी टोप, फुलाफुलांचा फ्रॉक, आत दोन फुगे. नुसता कंबर उडवत आला की सभागृह आडवं पडायचं. जन्मभर जनावरांचा ट्रक चालवलेला हा अवाढव्य माणूस, पण हशा कुठून काढायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिलं पान त्यानं तसंच वाचलं, आवाज चिरकवून. दुसऱ्या पानावर आवाज आपोआप खाली आला. तिसऱ्या पानावर तो वाचता वाचता थांबला, चष्मा पुसला, आणि पुढचं वाक्य इतकं हळू बोलला की ग्लेनिस आपली पाळी विसरली.

वाचन संपलं. किटली रिकामीच होती.

"हे करायचं असेल तर," हेक्टर संहितेवरून बोट फिरवत म्हणाला, "आई मी करणार."

"वेडा झालास का? लोक फुगे शोधतील," ग्लेनिस म्हणाली.

"लेखिकेला विचारावं लागेल," एफी म्हणाली. "तिची परवानगी नसेल तर नाही."

"बघ, मेलेल्यांचं हे बरं असतं," ग्लेनिस पुटपुटली.

एफीनं तिथूनच फोन लावला. लेखिका रिपेका फाइतिरी, वय तिशीचं, राहायला डनीडिनला. मागे कुठलं तरी मूल जिवाच्या आकांतानं रडत होतं. एफीनं सगळं सांगितलं, फुग्यांसकट. लपवून काही सुचवणं तिला जमायचं नाही.

"नाही आंटी," रिपेका म्हणाली. "ती बाई म्हणजे माझी सख्खी मावशी आहे. तिला कुणी फ्रॉक घालून नाचवलं तर मी त्याच दिवशी गाडी काढून येईन, सांगून ठेवते."

"मग एकदा ऐक त्याला. नुसतं ऐक. मग नाही म्हण, मी परत विचारणार नाही."

हेक्टर ओट्यापाशी एकच कप केव्हापासून पुसत होता. एफीनं फोन त्याच्या हातात कोंबला. त्यानं शेवटचं भाषण वाचलं. मूल तिकडे रडायचं थांबलं होतं, की तिनं दार लावलं होतं, कोण जाणे.

"अंकल, तुमच्या घरचं कुणी समुद्रावर जायचं का?"

"छे गं. मी मेंढ्या वाहायचो. बर्फात अडकलो की दोन-दोन दिवस पत्ता नसायचा. पण मी येईपर्यंत बायको डबा भरूनच ठेवायची. आता वाचताना कळलं, का ते."



"फ्रॉक नाही, टोप नाही," रिपेका म्हणाली. "आवाज पातळ करायचा नाही. दुकानात ज्या कपड्यांत जाता त्याच कपड्यांत उभे राहा."

"आणि लोक हसले तर?" एफीनं फोन परत घेत विचारलं.

"हसू देत. पण अंकलनी ते हसू मागायचं नाही."

तालमी सोप्या गेल्या नाहीत. हेक्टर दारातून आला की कंबर आपसूक हलायची. एफी म्हणायची, "परत." तो परत यायचा. "परत." एकदा तो भडकला. "बाईसाहेब, तीस वर्षांची कंबर आहे ही! एका महिन्यात कशी थांबेल?" एफी म्हणाली, "मग हाताला काम देऊ." तिनं खरा पाव आणला, खरं लोणी, थंड मटणाचे काप आणि सुरी. तेव्हापासून तो पाव कापत बोलायला लागला, आणि कंबर हळूहळू गप्प झाली.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. लोक गुडघ्यांवर घोंगड्या घेऊन बसले होते, आणि मागच्या खोलीतून मध्यंतरासाठी भाजत असलेल्या चीज रोलचा वास पुढे येत होता. पहिल्या एकांकिकेतल्या बटलरनं सगळ्यांना छान तापवून ठेवलं होतं. मग दुसरा पडदा वर गेला. स्वयंपाकघराचं टेबल, खुर्चीत ग्लेनिस. आणि दारात गमबूट काढून, राखाडी स्वेटर नि मोज्यांवर हेक्टर आत आला.

सभागृह फुटलं.

त्यानं तोंडही उघडलं नव्हतं. लोक पाय आपटत होते. "फुगे कुठे विसरलास रे!" कुणीतरी मागून ओरडलं. ग्लेनिस जागच्या जागी थिजली. विंगेत एफीनं संहिता छातीशी धरली. तिथून तिला हेक्टरची कंबर स्पष्ट दिसत होती, आणि ती जराशी, अगदी बोटभर, हलली. ज्याला एकदा असं हसू मिळालंय त्याला ते नाकारणं म्हणजे काय, हे ज्यानं रंगमंचावर पाय ठेवलाय त्यालाच कळेल. हात पुढे करायचा अवकाश, ते सगळं त्याचंच होतं.

"पाव," एफी ओठांतल्या ओठांत म्हणाली.

हेक्टर टेबलापाशी गेला. त्यानं पाव घेतला, एक काप कापला, त्याला चारही कोपऱ्यांपर्यंत लोणी लावलं. हसू ओसरलं, पुन्हा उसळलं, पण आता लहान होऊन. त्यानं दुसरा काप कापला. आता एकच माणूस हसत होता, आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर तोही खोकल्याचं निमित्त करून थांबला. हेक्टरनं मटण ठेवलं, काप जोडले, कडा कापल्या. घाई केली नाही. मग मुलीकडे न बघता, स्वतःच्या जाड, ट्रकवाल्या आवाजात म्हणाला,

"तुझ्या बाबांना कडा आवडत नाहीत."

पुढे शेवटपर्यंत कुणी खुर्ची सरकवली नाही.

मध्यंतरात हेक्टर चहाच्या रांगेत उभा राहिला. एरवी त्याच्या पाठीवर थापा पडायच्या. आज ते नुसते त्याला रांगेत पुढे जाऊ देत होते. एक म्हातारी एफीपाशी येऊन फणकारली, "मी हसायला आले होते, एफी. रडायला मला माझं घर आहे."

"माहितीये," एफी म्हणाली. "तिसरी हसायची आहे. थांब."

म्हातारी थांबली. एफीला त्यातच सगळं मिळालं.

ग्लेनिस दोन चीज रोल घेऊन आली आणि तिच्याशेजारी धपकन बसली. पहिला रोल तिनं सबंध संपवला.

"हिनं आणखी काही लिहिलंय का?" शेवटी तिनं विचारलं. "माझ्या वयाच्या बाईसाठी? मुलीबिलीचं नको. गुडघे दुखतात."

"आहे एक. फर्मास आहे. पण त्यात घोडा आहे."

"घोडा?"

"काही बोलत नाही. नुसता उभा असतो. माणूसच करतो."

दोघींनी एकदम वळून बघितलं.

"मी चहा घेतोय," हेक्टर म्हणाला. "माझ्याकडे बघू नका."