घोडदळातली गाडी

इथे आखातात अबू हलीफाहून ऑफिसला मी ज्याच्या गाडीतून जातो, त्या पोलिश इंजिनिअरचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात घोडदळात अधिकारी होते. त्याची गाडी जुनाट जपानी. पण उतरल्यावर तो तिचं बॉनेट दोनदा थोपटतो. दुपारी डबा उघडण्याआधी खाली जाऊन तिच्यावर ऊन तर नाही ना, ते बघून येतो. बायको मला म्हणते, "तुम्ही कधी माझी एवढी चौकशी केलीत?"

आजोबांनी रणगाड्यांवर घोडे घातले का, असं विचारलं की तो भडकतो. "वेडे होते का ते? घोड्यावरून उतरून तोफ डागायचे!"

परवा भर उन्हात गाडी तापून बंद पडली. जवळ पाण्याची एकच बाटली. मी हात पुढे केला, पण गाडी निवेपर्यंत ह्याने ती मांडीत धरून ठेवली आणि मग सगळी रेडिएटरमध्ये ओतली.

"अरे, मी मरतोय इथे!"

"आजोबांचा नियम आहे. आधी घोडा, मग आपण."

गाडी चालू झाली. मी चिडून विचारलं, "आणि एवढं करून त्या घोड्याचं पुढे काय झालं?"

त्याने स्टिअरिंग दोनदा थोपटलं.

"शरण जावं लागलं, तेव्हा जर्मनांनी काढून घेतला. आजोबांनी त्याचंच नाव मला ठेवलं."