अण्णांचं सुतक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी म्हैसूरला इंजिनियर आहे, पत्रिका न बघता लग्न केलं. तेव्हा हे वाचून कुणी मला उपाय, तोडगे सुचवू नयेत... तेवढी कृपा करा.

आमचं घर हुणसूर रस्त्यावर, येलवालला. पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. कागदोपत्री आम्ही नुसते ‘राव’. खरं आडनाव खडतरे. ते देवक, कुळाचार आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडात तेवढं उरलेलं.

निवृत्तीनंतर अण्णांनी एकच ध्यास घेतला — मूळ गाव शोधायचं. आजोबा गेले तेव्हा सुतक धरायला आमच्या घराबाहेर कुणीच नव्हतं. शेजाऱ्यांनी विचारलं, ‘‘तुमचे लोक कुठे?’’ ते अण्णांच्या मनात सलत राहिलं. शेवटी आडनावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साताऱ्याकडचे संपतराव खडतरे भेटले. देवक तेच, कुलदैवत तेच. दसऱ्याला ते म्हैसूर बघायला आले, तेव्हा अण्णांनी त्यांना जेवायला बोलावलं.

संपतराव चिरोट्यांवर दूध घालून घेत म्हणाले, ‘‘देवक जुळलं म्हणून भाऊकी होत नाही, राव. आमच्यातलं कुणी इकडं आल्याचं ऐकिवात नाही. आणि तुमची बोली तर निम्मी कानडीच की!’’

अण्णा हसले. म्हणाले, ‘‘शेत नको, घर नको. मी गेल्यावर तिथं एका घरानं सुतक धरलं की पुरे. येवढंच, अल्वा... नाही का?’’

‘‘अहो, जिवंतपणी ओळख नाही अन् सुतक कसलं?’’ संपतरावांनी आणखी एक चिरोटा घेतला.

मला इतका राग आला की त्याच दिवशी मी त्या ग्रुपमधून बाहेर पडलो. अण्णा मात्र त्यांना बसस्टँडपर्यंत सोडून आले!

त्या थंडीत अण्णा गेले. सकाळी, अंगणातल्या खुर्चीत, कॉफी हातात असतानाच. अंगात तोच तांबडा स्वेटर — आईने एका कोपराला हिरव्या लोकरीने रफू केलेला. साताऱ्याला मी मुद्दाम कळवलं नाही. त्यांच्या दारात आता बापाचं मरण घेऊन कशाला जायचं?

चार-पाच दिवसांनी संपतरावांचा फोन. आवाज एकदम खाली आलेला. ‘‘दहावा कधी आहे? आम्ही सुतकात आहोत. पुतणीचा साखरपुडा होता, तो पुढं ढकलला.’’

‘‘तुम्हाला कुणी सांगितलं?’’

‘‘म्हणजे? तुमचाच माणूस आला होता की! मी रानात होतो, घरी थोरल्या वहिनी. म्हातारा गृहस्थ. म्हणाला, ‘म्हैसूरचे व्यंकटराव खडतरे गेले. सुतक धरा, आं?’ दारात सांगावा आला, आता नाही कसं म्हणायचं, असं वहिनीच म्हणाल्या.’’

‘‘कधी?’’

त्यांनी वार सांगितला, वेळही सांगितली. अण्णा गेले तीच सकाळ. मी अजून डॉक्टरांची वाट बघत होतो तेव्हाची. मी कुणाला पाठवलं नव्हतं. पाठवलं असतं तरी एवढ्या वेळात माणूस हुबळीलासुद्धा पोचला नसता.

मी विचारलं, अंगात काय होतं? त्यांनी वहिनींना हाक मारली. पलीकडून बाईंचा आवाज आला, ‘‘तांबडा स्वेटर. कोपराला हिरवं ठिगळ होतं बघा.’’

मी अण्णांचा फोटो पाठवला.  ‘‘हेच आले होते,’’ म्हणत बाई रडायला लागल्या.

फोटो बघून कुणाला भास झाला म्हणावं, तर स्वेटरचं त्यांनी आधीच सांगितलं होतं. दसऱ्याच्या उकाड्यात अण्णांनी तो घातलाच नव्हता, आणि वहिनी तर तेव्हा आल्याही नव्हत्या. मी सगळीकडून विचार करून पाहिला... उत्तर नाही. आता शोधतही नाही.

त्या दिवशी मी फोनवर एवढंच विचारलं, ‘‘वहिनी, त्यांना आत घेतलंत का? पाणी तरी दिलंत?’’

‘‘कसं देणार, भाऊजी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मयताचा सांगावा घेऊन आलेल्याला ‘या’ म्हणत नाहीत, पाणीही विचारत नाहीत. तुमच्याकडं पण तीच रीत असंल की.’’

हो. आमच्याकडेही तीच रीत आहे.