हळदीकुंकवातला मोबाईल

सिंदीतले चंद्रभान म्हणजे बियाण्यांचे दुकानदार. नव्या यंत्राला ते आधी भीत आणि मग खबरदारी म्हणून त्याची पूजा करत. दुकानात टेलिफोन आला तेव्हा त्याला हार घातला होता. थोरलीचा दहावीचा निकाल इंटरनेटवर लागला, तेव्हा स्टेशनाजवळच्या कॅफेत ते हात मागे बांधून उभे राहिले. आपल्या धक्क्याने साऱ्या जिल्ह्याचे निकाल बदलू नयेत, एवढीच इच्छा. इंटरनेट टिकणार नाही, असं त्यांचं तेव्हाचं मत होतं. मत त्यांनी बदललं नाही, सांगायचं तेवढं सोडलं.

यंदा दसऱ्याला वजनकाट्याशेजारी पाटावर मोबाईल ठेवला. काचेला बोट लावायला धीर होईना. मोबाईल खालच्या भोकातून जेवतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. ओलं हळदीकुंकू तिथेच भरलं, वरून पळीभर पाणी सोडलं.

तासाभरात मोबाईल बंद पडला. चार्जर आत जाईना.

आतल्या खोलीत धाकटी मयुरी मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन बसली होती. नर्सिंगची जागा पाचच्या आत पक्की करायची होती, आणि त्याचा ओटीपी याच मोबाईलवर येणार होता. फॉर्मवर नंबर बापाचाच पाहिजे, हा हट्ट चंद्रभानांचा.

साडेचारला ते पोत्यांमागे बसून सुईने हळद कोरत होते. ओटीपी येईल, दार बंद पाहील आणि पोस्टमनसारखा परत जाईल, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

"अवो, पाठ फिरवून काय करून राह्यले?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"काई नाई."

"काई नाईले एवढा घाम येते काय?"

"सुमित्रे," ते मोबाईल बायकोपुढे धरत म्हणाले, "पोरीची जागा गेली वं माह्या हातानं."

मयुरी बाहेर आली. तिने मोबाईल पाहिला, भोकातली हळद पाहिली.

"बाबा, तुमी याले जेवू घातलं?"

कोणी हसलं नाही. तिने सुई घेतली, बाजूची पट्टी उघडून सिम काढलं. नखाएवढा तुकडा पाहून चंद्रभान आणखीच भ्याले.

"एवढ्याशात माहा नंबर मावते?"

सिम आईच्या मोबाईलमध्ये गेलं. रेंज येईना. तेवढ्यात शेजारचा गुलाब आपट्याची पानं घेऊन दारात आला. "सोनं घ्या, चंद्रभानभाऊ!" चंद्रभानांनी पानं घेतली, आपली द्यायची राहून गेली.

पाचला चार मिनिटं असताना रेंज आली, मयुरीने ओटीपी मागवला आणि मोबाईल वाजला. सुमित्राबाईंनी सहा आकडे एकेक करून मोठ्याने वाचले, मयुरीने ते लॅपटॉपवर भरले. पडद्यावर चक्र फिरत राहिलं.

"झालं," मयुरी म्हणाली.

"कागद?"

"कागद उद्या निघन, बाबा. आता नाव तिकडं जमा झालं."

"तिकडं म्हणजे कुठं?"

मयुरी लॅपटॉप मिटायला लागली, तशी चंद्रभानांनी तिचा हात धरला.

"बंद नोको करू, पोरी. बंद केल्यावर तिकडं तू नाई दिसली तं?"