बांधावरचा वास

त्या हिवाळ्यात पारोळ्याजवळ माझ्या शेताला लागून एका बाईने गहू केला होता. रान तिने एका हंगामापुरतं कसायला घेतलं होतं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. युरियात निंबोळी पेंडीचा भुगा ती दोन्ही हातांनी चोळून घ्यायची. गव्हाच्या ओळीशेजारी बोटभर खोल रेघ ओढलेली असायची, तिच्यात ते खत सोडत पुढे जायची आणि मागचं पाऊल आडवं ओढून वर माती लोटायची. एवढ्याशा तुकड्याला तिला दोन दिवस लागले.

मी तासाभरात मोकळा झालो. ओल्या रानात युरिया मुठीने उधळला आणि पाणी द्यायला मोटार सुरू करायला गेलो, तर वीज गेलेली. दोन दिवस वीज आली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावरून जाताना ती थबकली. पदराने नाक पुसून तिने पुन्हा हुंगलं.

"भाऊ, युरियाना वास ई ऱ्हायना," वास येतोय, असं ती अहिराणीत म्हणाली. "जो आपला नाकमा ऊना, तो गहूले कसा भेटी?"

उत्तराला न थांबता ती निघून गेली, ते बरंच झालं. युरिया मातीआड करा, नाहीतर हवेत उडतो, हे गावोगाव सभा घेऊन सांगणं ही माझी नोकरी आहे. त्या सकाळी मी त्याच बांधावर उभा राहून पुढच्या सभेचं भाषण तयार केलं होतं. मला वास आला नव्हता.