सीलबंद गाडीशी सरांचं भांडण

महाले सरांची आणि माझी पहिली भेट मोखाड्याला त्यांच्या अंगणात झाली. मी शाळेत नव्याने रुजू व्हायला आलो होतो आणि आमचे हे मुख्याध्यापक जीपखालून बाहेर येत होते. "आधी चहा घ्या," सर म्हणाले, "शाळा कुठे पळून जात नाही."

दहावीच्या परीक्षेला पोशेऱ्याकडच्या मुलींना सर त्याच जीपमधून जव्हारच्या केंद्रावर नेत. वाटेत ती बंद पडली, तर फिल्टर साफ करायचा, डिझेलच्या पाइपातली हवा काढायची आणि निघायचं. कुणाचा पेपर कधी चुकला नाही.

जीप थकली तेव्हा सरांनी नवी कोरी गाडी घेतली. गणिताच्या पेपरच्या सकाळी ती घाटात थांबली. मीही सोबत होतो, मागे परीक्षेच्या चार मुली. समोर एक पिवळा दिवा लागला होता, एवढंच. सरांनी बॉनेट उघडलं, प्लास्टिकचं झाकण काढलं, तर आत सीलबंद पेटी.

"मोडली का, सर?" त्यांच्यातल्या सविताने विचारलं.

"काय झालंय तेच कळू देत नाही गं."

मागून प्रवाशांनी खच्चून भरलेली वडाप जीप आली. तिच्यात तिघींनाच जागा झाली. सविता म्हणाली, "त्यांना जाऊं द्या, मी मागशी, दुसऱ्या गाडीने येईन." ती पोचली तेव्हा केंद्राचं दार बंद झालं होतं.

गाडी ओढत नाशिकला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे कॉम्प्युटर जोडला. एका सेन्सरची वायर सैल झाली होती. शिवाय तिथले मॅनेजर म्हणाले, "झाकण तुम्ही काढलंत, आता वॉरंटी मिळणार नाही."

सरांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. "गाडी माझ्या नावावर आहे. मग तिच्यात काय बिघडलंय ते बघायला तुमची परवानगी कशाला?"

"कंपनीचा नियम आहे, सर."

"तुमच्या नियमाने एका मुलीचं वर्ष खाल्लं."

जिथे साध्या पान्यासाठी जव्हार गाठावं लागतं, तिथे अशी गाडी विकताना ती आपल्याला उघडता येणार नाही, हे एका शब्दाने कुणी सांगत नाही. पैसे आपण मोजायचे आणि किल्ली त्यांच्याकडे राहायची, याची मला आजही चीड येते.

सर मात्र नुसते चिडून बसले नाहीत. सविताचे वडील तिला वीटभट्टीवर नेणार होते. सर त्यांच्या घरी गेले. "चूक पोरीची नाही. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेपर्यंत ती आमच्याकडे राहील." सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, तिला लेकीसारखं सांभाळलं, सरांनी पावसाळाभर गणित शिकवलं. सविता उत्तीर्ण झाली. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नवी गाडी विकून सरांनी पुन्हा जुनी जीप आणली. लोक हसले. सरांनी हसू दिलं.

आज पंचाहत्तरीतही एखाद्या मुलाची वाट अडली, की सर संतापून उठतात आणि त्याच्या घरी जातात. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर तीक्ष्ण राहो आणि हा संताप आम्हाला आणखी पुष्कळ वर्षं लाभो.