देवाच्या सहाणेवरचं जायफळ
श्रीखंडात कुणी जायफळ किसलं, की माझ्या डाव्या गालावरून एक गार बोट फिरतं. नव्वदच्या दशकात आम्ही काशीत रामघाटावर राहायचो, आणि मुरुमांनी माझ्या गालांवर असे खड्डे पाडले होते, की त्यांत गंगेपलीकडे रामनगरला जाणारी नाव बुडाली असती. ओढणीत तोंड गुंडाळूनच मी कॉलेजात जायचे. आत्याच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. ती म्हणाली, “माझ्या वेळी कुणी काही लावलं नाही गं. तुझे डाग घालवल्याशिवाय मी जायची नाही.” रोज पहाटे ती चोरून देवाच्या सहाणेवर दुधात जायफळ उगाळायची आणि माझ्या गालांना लावायची. बाबा तीर्थावरचे पुरोहित. मग त्याच सहाणेवरचं गंध ते दशाश्वमेध घाटावर यात्रेकरू यजमानांना लावत, आणि संकल्प सोडता सोडता अख्खी यात्रा पेंगायची! बाबा घरी येऊन ओरडायचे, “अरे भई, गंधात जायफळ कुणी घातलं?” डाग निम्मे उतरले आणि माघात आत्या गेली. सुतक फिटल्यावर बाबा पहिल्यांदा घाटावर गेले, ते तणतणतच परतले. “आज पुन्हा यजमान पेंगले! पोरी, आता तरी सोड ते जायफळ!” मी सहाणेला हातही लावला नव्हता. घाबरून गाल चाचपला, तर वाळलेला लेप बोटांना लागला. पुढे सगळे डाग गेले, डाव्या गालावरचा एक खड्डा तेवढा राहिला. डॉक्टर म्हणतात, भरून टाकू. मी नको म्हणते. आत्याला बोट टेकायला जागा नको?