आजीनं मोजलेल्या सोळा रेघा

"मोरीत मुंग्या येतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

महाडच्या एका हॉस्पिटलात मी खाटेवर पडले होते. पोटात कळा येत होत्या, जीभ लाकडासारखी कोरडी झाली होती आणि श्वास भात्यासारखा चालला होता. आई माझे पाय चोळत होती. उत्तर दारातून आलं.

"येतात. पंधरा दिस झालं. मी रोज राख टाकते."

ती माझी आजी. दवाखान्याच्या फरशीवर कुणाकुणाचे पाय पडतात, म्हणून ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

डॉक्टरांनी माझं रक्त आणि लघवी तपासली आणि आईला समोर बसवलं. "हिला टाइप वन डायबेटिस आहे. पोटातलं स्वादुपिंड इन्सुलिन तयार करतं. हिचं ते बंद पडलंय. इन्सुलिन नसेल तर खाल्लेलं अंगाला लागत नाही, साखर रक्तात साठते आणि लघवीवाटे जाते. म्हणून मुंग्या." मग म्हणाले, "आत्ता हिला कीटोॲसिडोसिस झालाय. म्हणजे रक्तात आम्ल चढलंय. अजून एक दिवस गावात राहिली असती तर हाती लागली नसती."

मी तेरा वर्षांची होते, आठवीत. पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव. वडील मुंबईला कंपनीत. शिमग्याला आणि गणपतीत येत. घरात आई, आजी आणि मी. महिनाभर मी तांब्यावर तांब्या पाणी पीत होते आणि रात्री पाचपाच वेळा उठत होते. फ्रॉक खांद्यावरून ओघळायला लागला, तेव्हा सगळे म्हणाले, पोर वाढीला लागलीय.

ज्यांच्या घरी असं लहान पोर असेल त्यांना सांगते, ही लक्षणं लक्षात ठेवा. डायबेटिस फक्त म्हाताऱ्यांना होतो, असं आम्हालाही वाटत होतं.

चार दिवस सलाईन चाललं. पाचव्या दिवशी सिस्टर शिकवायला आल्या. त्यांनी आईच्या हातात मोसंबं दिलं, काचेची सिरिंज दिली आणि म्हणाल्या, "यात पाणी भरा आणि टोचा. घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ हिला असंच द्यायचंय. जन्मभर."

आईनं 'जन्मभर' ऐकलं. मोसंबं खाली पडलं आणि आई खुर्चीतच घेरी येऊन कलंडली.

"मला दावा," दारातून आजी म्हणाली.

सिस्टर अवघडल्या. "आजी, वाचता येतं का? सकाळी सोळा युनिट. एक रेघ म्हणजे एक युनिट. एक चुकली तरी चालायचं नाही."

"रोज एकशे आठ मणी मोजते बाय. तुमच्या सोळा रेघा मोजायला येनार नाय?"

आणि ती उंबरा ओलांडून आत आली. सोळा वेळा मोसंबं टोचून झाल्यावर सिस्टरच म्हणाल्या, "पुरे आजी, शिकलात."

मला मात्र आनंद झाला नाही. खरं तर मी घाबरले. त्याचं कारण सांगायला हवं.

लहान असताना मी आजीच्या कुशीतच झोपायची. देवीच्या सगळ्या गोष्टी मला तिच्याकडूनच मिळाल्या. पण सातवीत मला पाळी आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं माझी गोधडी पडवीत टाकली. दर महिन्याला चार दिवस माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. मी चुकून स्वयंपाकघराच्या दाराला टेकले तरी ओरडायची, "शिवू नको गो, देवाचं हाय!" मला वाटायचं, तिला देव पाहिजे, मी नको. वर्षभर मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. आता तीच बाई रोज दोनदा माझ्या अंगात सुई घालणार होती.

घरी आल्यावर आजीनं माझ्या आजारपणाची पूजाच मांडली. पहाटे आंघोळ करून पातेल्यात सिरिंज उकळायची. त्या पातेल्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं आणि आमच्याकडे फ्रीज नव्हता. तिनं मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्यात लहान मडकं बसवलं, त्यात बाटली ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायला लागली.

साखर बघायचं मशीन तेव्हा आमच्यासारख्यांकडे नसायचं. बेनेडिक्ट नावाचं निळं औषध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि तापवायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर खूप. सोवळ्यात स्वयंपाक करणारी माझी आजी चुलीपुढे बसून नातीची लघवी उकळवायची. "आज पोपटी आलाय. काल हळदी होता. उतरतंय गो, उतरतंय!"

तिसऱ्या आठवड्यात माझे ते चार दिवस आले. मी गोधडी घेऊन पडवीत बसले. सकाळचे सात वाजले. आईनं सिरिंज हातात घेतली, सुई माझ्या दंडाजवळ नेली आणि परत मागं घेतली. तेवढ्यात ओल्या लुगड्यातली आजी बाहेर आली. तिची पूजा व्हायची होती.

"आजी, मी बाजूला बसलेय," मी म्हटलं.

"ठाव हाय. दंड दे."

तिनं माझा दंड धरला. वर्षभरात त्या दिवसांत तिचा हात मला पहिल्यांदा लागला. सुई टोचली तेव्हा मी रडले, पण सुईमुळे नाही. ती विहिरीवर गेली आणि परत डोक्यावरून आंघोळ करून पूजेला बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी नुसते हातपाय धुतले. चौथ्या दिवशी सुई ठेवली आणि तशीच देवापुढे गेली. आई बघत राहिली, तेव्हा आजी म्हणाली, "काय बघतेस? देवी पन बाईच हाय."

पुढच्या महिन्यात माझी गोधडी पडवीत गेली नाही. नंतर कधीच गेली नाही.

मी हॉस्पिटलात असताना आजीनं घाटावरच्या कुलदेवीला नवस बोलला होता. पोर वाचली तर तिला पायाशी आणीन. थंडी सरल्यावर आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं निघालो. आजीच्या मांडीवर फडक्यात नारळ, गुळाची ढेप आणि ओटीचं सामान होतं. देवीला दाखवल्याशिवाय त्या गुळाला मुंगीसुद्धा लागू नये म्हणून ते फडकं तिनं चार घड्यांनी बांधलं होतं.

मी इन्सुलिन घेऊन भाकरी खाऊन निघाले होते. पण आंबेनळीच्या वळणांवर मला बस लागली आणि खाल्लेलं सगळं उलटून पडलं. वर पुढे एक ट्रक आडवा झालेला. बस तासभर तिथंच उभी राहिली. मला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले आणि मी काहीबाही बडबडायला लागले.

याला हायपो म्हणतात. इन्सुलिन अंगात आहे आणि अन्न नाही, मग साखर एकदम खाली जाते. माणूस बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आधी गोड द्यायचं, विचार नंतर." आणि देवीचा तो गूळ सोडला तर माझ्यासाठी म्हणून आम्ही साखरेचा कणही बरोबर घेतला नव्हता. ही चूक तुम्ही करू नका.

आजीनं मला बसमधून उतरवलं. पुढचं मला धूसर आठवतं. फडक्याच्या गाठी सुटेनात म्हणून तिनं ते दातांनी फाडलं. घाटाच्या कठड्यावर नारळ आपटून फोडला, पाणी पेल्यात धरलं आणि त्यात गूळ कुस्करला.

बसमधली एक बाई म्हणाली, "अवो, नवसाचा नारळ ना तो?"

"पी गो सुले," आजी मला म्हणत होती. "पी. अजून एक घोट. गिळ."

मी शुद्धीत होते म्हणून पिऊ शकले. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. पंधरा मिनिटांत माझे हात कापायचे थांबले आणि मला भूक लागली. नारळाचं खोबरंही आजीनं मलाच खायला लावलं.

दुपारी देवळात पोचलो. आजीनं फाटकं फडकं देवीपुढे अंथरून उरलेला गूळ आणि ओटी त्यावर ठेवली. "आय, तुझा नारळ वाटेत फोडला. पोरीला लागत व्हता."

गुरव कुरकुरले. "नवस अपुरा राहिला, म्हातारे. परत यावं लागंल."

आजी ताठ उभी राहिली. "पोरगी माझी दोन पायांनी चालत आलीय देवळात. अपुरा कसा?"

गुरवांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. त्या दिवसापासून मी आजीच्या देवाशी भांडणं सोडलं. मी काही फार भाविक झाले नाही. पण तिच्या ज्या शिस्तीचा मला राग यायचा, त्याच शिस्तीनं मला जगवलं, हे मला कळलं.

दहावीच्या वर्षी मी स्वतःचं इन्सुलिन स्वतः घ्यायला शिकले. महाडला कॉलेज केलं, डी.एड. झाले, शाळेत लागले. लग्न ठरताना सगळं आधी सांगितलं. दोन स्थळं गेली, तिसरं थांबलं. दिवस गेले तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. "जपावं लागेल. बाळाच्या वाढीवर साखरेचा परिणाम होतो." एव्हाना मशीन आलं होतं. नऊ महिने मी दिवसातून सहा वेळा बोट टोचलं.

मुलगी झाली. सिझेरियन, पण वजन नेमकं. अशा बाळाची साखर जन्मल्यावर खाली जाऊ शकते, म्हणून तिच्या टाचेतून तीनदा रक्त काढलं. तिन्ही वेळा साखर ठीक आली. तिसऱ्या सुईला पोरीनं असा टाहो फोडला की वॉर्डातल्या सगळ्या बाया उठून बसल्या.

ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आजीनं तिला सिस्टरच्या हातून घेतलं आणि हसत हसत म्हणाली, "रड गो, रड. छाती दमदार हाय माझ्या पणतीची. पार पोलादपुरापत्तुर ऐकू जाऊंदे."